संध्या परत का गेली? ‘दम लगा के हईशा’वरून आमच्या घरात झालेलं भांडण

नमस्कार मंडळी.

(कॅसेट कॅमेऱ्यासमोर धरून)

ही बघा. साठ मिनिटांची कॅसेट. लेबल पिवळं पडलंय, त्यावर निळ्या शाईने गाण्यांची यादी लिहिली आहे. अक्षर माझ्या मावशीचं. ही माझ्याकडे कशी आली ते सांगणार आहे, पण त्याआधी एका भांडणाबद्दल बोलायचंय.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेची जेवणं उरकल्यावर आम्ही सगळे मिळून ‘दम लगा के हईशा’ बघायला बसलो. आई, मावशी, दादा, वहिनी आणि मी. मी तो २०१५ साली, फेब्रुवारीच्या शेवटी लागला तेव्हाच थिएटरात पाहिला होता. बाकीच्यांनी नाही. दादा म्हणाला, हलकंफुलकं काहीतरी लाव, जेवण जड झालंय. मी म्हटलं, हा बघ, दोन तासांच्या आत संपतो. सिनेमा खरंच दोन तासांच्या आत संपला. वाद दिवेलागणीपर्यंत चालला. मध्ये दोनदा चहा झाला.

तुम्हीही या सिनेमाबद्दल मला खूप लिहिता, आणि गंमत म्हणजे आमच्या घरात जी मतं पडली तीच तुमचीही असतात. कोणी म्हणतं, इतका गोड सिनेमा पुन्हा झाला नाही. कोणी म्हणतं, गोड कसला, अपमान गिळून बाईला परत नवऱ्याकडे पाठवणारा सिनेमा आहे. कोणी म्हणतं, सगळं छान, पण शेवटची शर्यत म्हणजे काहीतरीच. आज हे सगळं एकदा नीट बोलून घेऊ.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. शेवटही सांगणार आहे, त्यामुळे आधी बघायचा असेल तर इथेच थांबा.

साल १९९५. गाव हरिद्वार. उत्तराखंड तेव्हा झालेलं नव्हतं, ते २००० साली झालं, म्हणजे हे हरिद्वार उत्तर प्रदेशातलं. प्रेम प्रकाश तिवारी दहावी नापास आहे. बापाचं कॅसेटचं दुकान आहे, तिथे बसतो. सकाळी शाखेत जातो, दिवसभर कुमार सानू ऐकतो. घरचे त्याचं लग्न संध्याशी लावून देतात. संध्या बी.एड. झालेली आहे, शिक्षिका व्हायचंय, बोलायला स्पष्ट आहे आणि अंगाने जाड आहे. प्रेमला तिची लाज वाटते. तिच्या शेजारून चालायची लाज, मित्रांना तोंड दाखवायची लाज. पुढे एका लग्नात दारू पिऊन तो मित्रांसमोर तिच्याबद्दल घाण बोलतो. ती ते ऐकते, त्याच्या कानफटात मारते, तोही मारतो. ती माहेरी जाते, घटस्फोटाचा अर्ज करते. कोर्ट म्हणतं, सहा महिने एकत्र राहून बघा. आणि मग येते ती शर्यत, बायकोला पाठीवर घेऊन धावायची. ती दोघं जिंकतात, आणि संध्या त्याच्याकडेच राहते.

शरत कटारियांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला, यशराजचा सिनेमा. प्रेम म्हणजे आयुष्मान खुराना. संध्या म्हणजे भूमी पेडणेकर, तिचा हा पहिलाच सिनेमा. त्याआधी सहा वर्षं ती यशराजमध्येच कलाकार निवडायच्या विभागात काम करत होती. दुसऱ्यांच्या ऑडिशन घेणारी मुलगी. या भूमिकेसाठी तिने वजन वाढवलं. त्या वर्षीचा हिंदीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला मिळाला. ‘मोह मोह के धागे’साठी वरुण ग्रोवरला गीतकाराचा आणि मोनाली ठाकूरला गायिकेचा पुरस्कार मिळाला, तेही राष्ट्रीयच. पहिल्या दिवशी गर्दी नव्हती. बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, तसा तो चालला.

आता आमच्या घरातलं.

पहिला अर्धा तास कोणी काही बोललंच नाही, नुसते हसत होते. कारण ते घर ओळखीचं आहे. एकाच वेळी चार माणसं बोलतायत आणि कोणी कोणाचं ऐकत नाहीये. प्रेमच्या बापाच्या भूमिकेत संजय मिश्रा आहेत, आईच्या भूमिकेत अलका अमीन. संध्याची आई सीमा पाहवा. आईने त्यांना बघताक्षणी ओळखलं, ‘अगं, ही ‘हम लोग’मधली बडकी!’ १९८४ची मालिका, आणि आईला चेहरा जसाच्या तसा लक्षात. या सिनेमात खलनायक नाही. एकही माणूस मुळातून वाईट नाही, आणि तरी सगळ्यांनी मिळून दोन जिवांची पार कोंडी करून टाकली आहे. असं फक्त घरातच होऊ शकतं.

आणि दुकान! मंडळी, त्या दुकानासाठी मी हा सिनेमा आणखी दहा वेळा बघेन. बार्शीला माझ्या मामाच्या घराजवळ असंच एक दुकान होतं. वहीतल्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट घ्यायची, साठची का नव्वदची ते सांगायचं, आणि मग दोन-तीन दिवस वाट बघायची. दुकानदार यादीतलं एखादं गाणं गाळायचा आणि स्वतःच्या आवडीचं घालायचा, त्यावरून भांडणं व्हायची. टेप गुंडाळली गेली तर पेन्सिल घालून फिरवायची. तुटली तर चिकटपट्टी. हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना प्रेमचा जीव त्या दुकानात का अडकलाय ते वेगळं सांगावं लागत नाही. आणि १९९५ हे सालही नेमकं निवडलंय. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षं फिल्मफेअरचा गायकाचा पुरस्कार कुमार सानूंना मिळाला होता. म्हणजे प्रेमचं दैवत शिखरावर आहे, आणि त्याच वेळी सीडी दारात येऊन उभी आहे. हे दुकान चार-पाच वर्षांत बंद पडणार हे आपल्याला माहीत आहे, त्याला नाही.

शेवटच्या गाण्यात सानूंच्या आवाजाशेजारी साधना सरगम आहेत. आपल्या दाभोळच्या. तो आवाज लागला आणि मावशी पहिल्यांदा सरसावून बसली, हे मी बाजूने बघितलं.

पण त्याच्या आधी तो लग्नाचा प्रसंग आला. आणि खोली शांत झाली.

मला या प्रसंगाबद्दल सावकाश बोलायचंय. थिएटरात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मागच्या रांगेत प्रेमच्या त्या वाक्यावर काही जण हसले. मोठ्याने. मग संध्या पुढे आली, मारलं, आणि हसू मध्येच तुटलं. तो तुटलेला आवाज मी अजून विसरले नाहीये. कारण ते हसणं मला पाठ आहे. मला बघायला आलेल्या एका घरात, मी पोह्यांच्या बशा आत नेल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिले, तेव्हा बाहेर कोणीतरी हळूच म्हणालं, ‘पोहे कमी पडतील की काय, आधी मुलीनेच खाल्लेले दिसतायत.’ आणि सगळे हसले. वाईट माणसं नव्हती ती. जाताना आईला नमस्कार करून गेली. मी त्या दिवशी कोणाच्या कानफटात मारली नाही. बशा विसळल्या.

म्हणून संध्या जेव्हा मारते, तेव्हा मला ती फक्त प्रेमला मारते असं वाटत नाही.

आपल्या हिंदी सिनेमात जाड मुलगी म्हणजे नायिकेची मैत्रीण, खात बसणारी, खुर्ची मोडणारी. इथे कॅमेरा संध्याकडे तसा एकदाही बघत नाही. ती नटते तेव्हा तो तिची थट्टा करत नाही. नवऱ्याने जवळ यावं म्हणून ती स्वतः पुढाकार घेते, तेव्हाही नाही. तिच्या मनात स्वतःच्या शरीराबद्दल लाज नाहीच. लाज सगळी प्रेमच्या मनात आहे. आणि सबंध सिनेमात तिला कोणी बारीक व्हायला लावत नाही, ती होतही नाही. शेवटी जी बदलते ती तिची कंबर नाही. पुढच्याच वर्षी आपल्याकडे मराठीत ‘वजनदार’ आला, सई ताम्हणकर आणि प्रिया बापट दोघींनी वजन वाढवून काम केलं. वाटलं होतं, आता दार उघडलं. तितकं उघडलं नाही, हे मला लागतं.

बरं. भांडण.

सुरुवात वहिनींनी केली. वहिनी जिल्हा न्यायालयात वकिली करतात, कौटुंबिक दावेच जास्त. कोर्टाचा प्रसंग आला तेव्हाच त्यांनी मान हलवली होती. सिनेमा संपल्यावर म्हणाल्या, ‘हे सहा महिन्यांचं लोक सिनेमात बघतात आणि माझ्याकडे येऊन तेच विचारतात.’ त्यांनी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण यावरून बऱ्याच जणांचा गोंधळ असतो. हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आहे, परस्पर संमतीचा घटस्फोट. त्यात अर्ज केल्यावर किमान सहा महिने थांबायचं असतं. पण ते विचार करायला दिलेले महिने आहेत, एका घरात राहायची सक्ती नव्हे. उलट त्या कलमाखाली अर्ज करायलाच नवरा-बायको आधी किमान एक वर्ष वेगळे राहत असावे लागतात. आणि हे थांबणंही योग्य कारण असेल तर माफ करता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलंय. न्यायाधीश समेटाचा प्रयत्न करतात, समुपदेशनाला पाठवतात, ते खरं. पण जा आणि एका खोलीत राहा, हे गोष्ट पुढे सरकावी म्हणून केलेलं आहे.

मग वहिनींचा खरा मुद्दा आला. त्या म्हणाल्या, ‘माझ्याकडे येणाऱ्या दहा बायकांपैकी नऊ जणींना घरचे हेच सांगतात, थोडे दिवस राहून बघ, होईल नीट. आणि हा सिनेमा दाखवतो की झालं नीट. मग त्या नऊ जणींनी काय करायचं?’

दादा म्हणाला, ‘अगं, पण ही त्या दोघांची गोष्ट आहे. सगळ्यांना नियम थोडाच घालून दिलाय?’

वहिनी म्हणाल्या, ‘त्याने माफी कुठे मागितली?’

यावर मी गप्प बसले. कारण या सिनेमावर माझं इतकं प्रेम आहे, आणि तरी हाच काटा माझ्याही मनात दहा वर्षं आहे. जे शब्द त्याने चारचौघांत उच्चारले, ते त्याच मित्रांसमोर उभं राहून, तोंडाने, मागे घेतलेले मला ऐकायचे होते. सिनेमा ती माफी शब्दांत देत नाही. पाठीवर देतो. अपमान शरीराचा होता, मग तेच शरीर सगळ्या गावासमोर उचलून घेऊन धाव. कल्पना म्हणून ही सुंदर आहे. ज्या वजनाची लाज वाटत होती ते स्वतःच्या पाठीवर घेतल्यावर त्याला कळतं की पडत होतो ते त्या वजनामुळे नाही. मला दर वेळी तिथे रडू येतं. आणि दर वेळी रडून झाल्यावर वाटतं, बाबा रे, एक वाक्य बोलला असतास.

ही दोन्ही मतं माझीच आहेत. एकीने दुसरी खोडली जात नाही. जे मला लिहितात की ‘तुम्ही स्त्रियांची बाजू घेता आणि असल्या सिनेमाचं कौतुक करता’, त्यांना माझं उत्तर हेच आहे.

शर्यतीबद्दल दादाची तक्रार होती. म्हणे, असली शर्यत कुठे असते? असते. फिनलंडमध्ये सोनकायार्वी नावाचं गाव आहे, तिथे १९९२ पासून दर उन्हाळ्यात ही स्पर्धा भरते. अडीचशे मीटरच्या थोडा वर मार्ग, वाटेत अडथळे, त्यात एक पाण्याचा. उचलायची बाई किमान ४९ किलोची असावी लागते, आणि जिंकणाऱ्याला बायकोच्या वजनाइतकी बिअर. म्हणजे तिथे बायको जितकी वजनदार तितकं बक्षीस मोठं! हे ऐकल्यावर आई इतकी हसली की तिला ठसका लागला. दादाचं म्हणणं तरी राहिलंच, की सिनेमाचा पहिला भाग खऱ्या घरात घडतो आणि शेवट मैदानात, टाळ्यांसाठी. हे मला पटतं. शर्यत जिंकली नसती तरी चाललं असतं. किंबहुना ते दोघं शेवटून दुसरे आले असते तर मला जास्त आवडलं असतं.

मावशी या सगळ्यात काही बोलली नव्हती.

आता बुआबद्दल सांगते. प्रेमची आत्या, शीबा चड्ढांनी केलीय. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी राहणारी, जिभेला धार. संध्याला पहिल्या दिवसापासून टोचून बोलते. बहुतेक जण तिच्यावर हसतात, आणि तुमच्यातल्याही कित्येकांनी मला लिहिलंय की बुआ म्हणजे सिनेमातली सगळ्यात मजेदार बाई. आईही तेच म्हणाली, ‘काय काम केलंय त्या बुआने, अगदी खडूस!’

तेव्हा मावशी बोलली. माझी मावशी लग्नानंतर दीड वर्षात परत आली होती. बार्शीला मामाच्या घरी. सत्तावीस वर्षं तिथे राहिली. ती म्हणाली, ‘खडूस नाही गं ती. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेलं आहे तिने. त्या घरात तिची म्हणायला एक जीभ तेवढी आहे.’

कोणी काही बोललं नाही. वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला.

मावशी पुढे म्हणाली, ‘तुम्ही मघापासून विचारताय, ती पोरगी परत का आली. मी तिच्या जागी बसून नाही बघितलं. मी बुआच्या जागी बसून बघितलं. संध्या माहेरी किती दिवस राहिली असती? भाऊ आहे, उद्या त्याची बायको येईल. पण ही बी.एड. झालेली आहे. ती नोकरी बघतेय. ती कोर्टात स्वतः उभी राहिली. ती परत आली ते जायला जागा नव्हती म्हणून नाही. माझ्या वेळी मला कोणी कोर्टात नेलं असतं ना, तर मी बोललेच नसते.’

मंडळी, मी हा सिनेमा इतक्या वेळा पाहिला, त्यावर आधी एक व्हिडिओ केला, आणि मला हे दिसलं नव्हतं. बुआ आणि संध्या एका घरात का ठेवल्यात, ते. टाकलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर दुसरी एक बाई स्वतःहून निघून जाते. बुआची चिडचिड मला आता वेगळी ऐकू येते. पुढच्या वेळी बघाल तेव्हा शर्यत राहू द्या, फक्त बुआकडे बघा. संध्या बोलत असते तेव्हा शीबा चड्ढांचा चेहरा बघा.

वहिनींचं मत बदललं का? नाही. त्या म्हणाल्या, ‘मावशी, तुमचं बरोबर आहे, पण माझ्या नऊ जणी अजून तिथेच आहेत.’ तेही बरोबर आहे.

आता कॅसेट.

सिनेमात एक प्रसंग आहे. प्रेम आणि संध्या एकमेकांशी बोलत नाहीत, आणि भांडण मात्र करायचंय. मग ती टेपवर एक गाणं लावते. टोमणा म्हणून. तो ते बंद करून दुसरं लावतो. मग ती तिसरं. शब्द दुसऱ्याचे, आवाज दुसऱ्याचा, राग स्वतःचा. आमच्याकडे सगळ्यांना सगळ्यात जास्त हसू त्याच प्रसंगाला आलं, आणि माझ्या मते सिनेमातला तो सगळ्यात हुशारीने लिहिलेला प्रसंग आहे. तोंडाने बोलता न येणाऱ्या दोन माणसांना भाषा मिळाली ती कॅसेटच्या दुकानातून.

रात्री सगळे झोपायला गेल्यावर मावशी माझ्या खोलीत आली. पिशवीतून ही काढली. म्हणाली, ‘चौऱ्याण्णव साली भरून घेतली होती, स्टँडजवळच्या दुकानातून. मामाकडे टेप होता. दुपारी सगळे झोपले की बारीक आवाजात लावायचे. कोणाला टोमणा नव्हता हं. ऐकायला कोणी नव्हतंच.’

मी म्हटलं, काय काय आहे यात?

अ बाजूच्या गाण्यांची यादी लिहिलेली आहे, बघा, ही इथे. आणि ही ब बाजू. हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडून टेप आणला, लावून बघितली. ब बाजूला एकच गाणं आहे. पुन्हा पुन्हा तेच, कॅसेट संपेपर्यंत. शेवटच्या वेळी ते मध्येच तुटतं, कारण टेप संपली.

कुठलं ते सांगू का, म्हणून काल मी मावशीला फोन केला होता. ती म्हणाली, कॅसेट दाखव, गाणं नको सांगूस.